बॉयलरचा काटा खाली का येतो?



घर गरम ठेवण्यासाठी बॉयलर लागतो, ही गोष्ट बेळगाव, पणजी किंवा बडोद्याच्या माणसाला मुद्दाम सांगावी लागते. आपल्याकडे थंडी पडली की अंगावर एक कांबळे वाढते, न्हाणीघरातला बंब जरा लवकर पेटतो आणि तेवढ्यावर भागते. असे असता हा विषय आज का निवडला, असे आपण विचाराल. त्याचे कारण आपल्याच घरांत आहे. गोव्यातून आणि आमच्या सीमाभागातून गेल्या काही वर्षांत पुष्कळ तरुण कुटुंबे इंग्लंडला गेली. स्विंडन या गावी तर गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली आहे. तेथे नातवंड जन्माला आले की इकडून आजी किंवा आजोबा जातात आणि पाहुण्याच्या परवान्यावर सहा महिन्यांपर्यंत राहतात. मुलगा पहाटेच्या पाळीला, सून दुपारच्या पाळीला. घरात म्हातारे माणूस आणि पाळण्यातले मूल. बाहेर पारा शून्याला टेकलेला. अशा वेळी भिंतीवरचे रेडिएटर हळूहळू गार पडतात, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या पेटीवर तांबडा दिवा लुकलुकू लागतो, आणि कामावरून मुलाचा फोन येतो, ‘बाबा, काटा किती आहे तेवढे बघा.’

हा काटा कसला, तो खाली का येतो आणि आला तर कारण कसे शोधावे, एवढेच आज सांगायचे आहे. मी यंत्रज्ञ नाही, शाळामास्तर आहे. परंतु माझी थोरली बहीण स्विंडनला राहते, आणि एका हिवाळ्यात या काट्याने तिच्या घराला असे काही नाचवले की तिच्या पत्रांना आणि फोनला उत्तरे देता देता हा विषय मला मुळापासून अभ्यासावा लागला.

ती पांढरी पेटी म्हणजे बॉयलर. तिच्यात गॅसची ज्योत पाणी तापवते, एक पंप ते पाणी नळ्यांतून घरभर फिरवतो, प्रत्येक खोलीतला पोलादी रेडिएटर त्यातली ऊब खोलीला देतो आणि निवलेले पाणी पुन्हा पेटीत येते. आंघोळीचे पाणीही बहुधा तीच पेटी तापवते, पण त्या पाण्याची वाट निराळी. रेडिएटरांतून फिरणारे पाणी मात्र तेच ते असते. एकदा भरले की वर्षानुवर्षे तेच. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. हे मंडल बंद आहे. ते निरोगी असेल तर त्यात नवे पाणी घालण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

जुन्या काही घरांत माळ्यावर एक लहानशी टाकी असते आणि मंडलातले पाणी तिच्यातून आपोआप भरले जाते. अशा घरांतील बॉयलरला दाबाची तबकडी बहुधा नसतेच. तेथे आजचे हे भाषण लागू नाही.

बंद मंडलाच्या बॉयलरवर मात्र एक छोटी तबकडी असते, नव्या बॉयलरवर नुसते आकडे. दाब ‘बार’ या मापाने मोजतात. एक बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. दुमजली घरात वरच्या खोलीतला रेडिएटर बॉयलरपासून चार-पाच मीटर उंच असला, तर तेथवर पाणी नुसते भरून राहण्यासाठीच अर्धा बार दाब हवा. त्यावर थोडा वाढावा धरून, यंत्र थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान ठेवतात. यंत्र तापले की तो थोडा वर चढतो, ते स्वाभाविक आहे. अर्ध्या बारच्या आसपास उतरला की बहुतेक बॉयलर स्वतःहून बंद पडतात. पुरेशा पाण्यावाचून ज्योत पेटू नये यासाठीच ती योजना असते. उलट काटा ३ बारवर गेला तर सुरक्षा-झडप उघडते आणि जादा पाणी एका तांब्याच्या नळीवाटे घराबाहेर टाकते. आपल्या प्रेशर कुकरच्या शिटीशेजारी असलेली ती बारीक झडप आठवा, काम तेच.

आता या यंत्रातला जो भाग कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याच्यावर सर्वांत अधिक अवलंबून आहे, त्याच्याकडे वळू. पाणी तापले की फुगते. १० अंशांचे पाणी ७०-८० अंशांवर नेले तर ते शेकडा दोन-तीन भागांनी वाढते. मंडलात १०० लिटर पाणी असले तर तापल्यावर दोन-तीन लिटर पाण्याला नवी जागा पाहिजे. पाणी दाबून लहान होत नाही, आणि मंडल तर बंद. मग ही दोन-तीन लिटरची भर मावावी कोठे? त्यासाठी बॉयलरच्या आत, बहुधा पाठीमागे, एक चपटे पोलादी पात्र बसवलेले असते. इंग्रजीत त्याला एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. आपण प्रसरण-पात्र म्हणू. त्याच्या मधोमध रबराचा एक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला मंडलातले पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. पाणी फुगले की ते पडद्याला रेटते आणि हवा दबते. पाणी निवले की हवा पडद्याला परत लोटते. ही हवेची उशी शाबूत असेल तर काटा दिवसभरात थोडाच हलतो. ती हवा भरण्यासाठी पात्राला जे तोंड असते ते हुबेहूब मोटारीच्या चाकाच्या व्हॉल्व्हसारखे असते. चाकातली हवा जशी नकळत कमी होते, तशी या पात्रातलीही रबरातून झिरपत वर्षांमागून वर्षे कमी होत जाते. चाकाची आठवण आपल्याला रस्ता करून देतो. या पात्राची आठवण कोणी करून देत नाही.

तेव्हा काटा खाली येण्याची कारणे मुळात दोनच. एक तर पाणी कोठून तरी बाहेर जात आहे, नाही तर हवेची उशी गेली आहे. पुष्कळदा दुसऱ्या कारणातून पहिले जन्मते, आणि तेथेच भल्याभल्यांची फसगत होते.

त्याआधी एका सवयीबद्दल बोलले पाहिजे. काटा उतरला की घरातले कोणीतरी बॉयलरखालची तोटी सोडते, नळाचे पाणी आत घेते, काटा वर आला की तोटी बंद करते आणि कामाला जाते. उद्या पुन्हा तेच. हे काम दोन मिनिटांचे, पैसा लागत नाही, म्हणून कित्येक घरांत महिनोन्महिने चालते. महिन्या-दोन महिन्यांतून क्वचित भरावे लागले तर बिघडत नाही. पण रोज किंवा दर आठवड्याला भरणे म्हणजे यंत्राला हळूहळू मारणे होय. ते कसे, पाहा. नळाच्या ताज्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. जुने पाणी पुन्हापुन्हा तापून निवून त्यातला प्राणवायू संपलेला असतो, म्हणून पोलादी रेडिएटर त्या पाण्यात पंधरा-वीस वर्षे टिकू शकतात. ताजे पाणी आले की गंज नव्याने सुरू होतो. त्यातून काळा, लोहचुंबकाला चिकटणारा गाळ तयार होतो, तो पंपात व बॉयलरच्या अरुंद वाटांत जाऊन बसतो. गंज लागताना वायूही सुटतो आणि रेडिएटरच्या माथ्याशी साठतो. तो सोडावा तर दाब आणखी उतरतो, मग आणखी पाणी. याखेरीज गंज रोखण्यासाठी मंडलात जे औषध घातलेले असते ते प्रत्येक भरणीबरोबर पातळ होते. दक्षिण इंग्लंडातले पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. आपल्या बंबाच्या आत बसतो तसा चुन्याचा पापुद्रा तेही बसवते. एवंच, शंभर-दीडशे पौंडांच्या दुरुस्तीची चालढकल करता करता नवा बॉयलर घेण्याची पाळी येते, आणि तो हजारांच्या हिशेबात जातो.

आता शोधाला लागू. पहिला प्रश्न अगदी साधा: अलीकडे कोणी रेडिएटरची हवा सोडली होती काय? रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला की छोट्या किल्लीने त्यातली हवा सोडतात. जेवढी हवा गेली तेवढी जागा रिकामी झाली, दाब उतरणारच. अशा वेळी एकदा पाणी भरावे आणि आठ दिवस पाहावे. काटा जागचा हलला नाही तर प्रकरण तेथेच संपले.

तसे काही नसेल, तर वही घ्यावी. हे काम घरी बसलेल्या आजी-आजोबांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. सकाळी बॉयलर चालू होण्यापूर्वी, यंत्र पूर्ण थंड असताना, काटा किती ते लिहावे. संध्याकाळी सर्व रेडिएटर तापून अर्धा तास झाल्यावर पुन्हा लिहावे. मधे पाणी भरले तर केव्हा आणि कोठून कोठवर, तेही लिहावे. चार दिवसांच्या नोंदीत बहुधा रोगाची जात कळते. सकाळी १.२, संध्याकाळी १.६, दुसऱ्या सकाळी १.१, तिसऱ्या सकाळी १, असा संथ उतार असेल, तर उशी ठीक आहे आणि कोठेतरी बारीक गळती आहे. सकाळी १.२, संध्याकाळी २.९, आणि दुसऱ्या सकाळी ०.४, असे हेलकावे असतील तर उशी गेली.

हा दुसरा प्रकार जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या बहिणीच्या घरी तोच होता. आमची आई त्या वर्षी तिच्याकडे गेली होती. दाजी रोज पहाटे पाणी भरून कामाला जात. दुपारपर्यंत घर उबदार असे, रात्री काटा चढे आणि सकाळी पुन्हा तळाशी. घरमालकाच्या दलालाने धाडलेला पहिला माणूस पाणी भरून, ‘झाले’ म्हणून गेला. पंधरा दिवसांनी दुसरा आला. त्याने घराबाहेरची नळी ठिबकताना पाहिली, सुरक्षा-झडप निकामी ठरवली आणि नवी बसवली. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, झडप खरोखरच गळत होती. पण ती का गळू लागली, हे त्याने विचारले नाही. हवेची उशी गेली की तापलेल्या पाण्याला जागा राहत नाही, दाब भराभर ३ बारवर जातो आणि झडप उघडते. पाणी बाहेर पडते. रात्री यंत्र निवले की तेवढे पाणी कमी पडते आणि काटा तळाला जातो. सकाळी पुन्हा भरले की रात्री पुन्हा तेच. शिवाय एकदा उघडलेल्या झडपेच्या बैठकीत गाळाचा एखादा कण अडकला की ती नीट मिटत नाही आणि अष्टौप्रहर ठिबकू लागते. म्हणजे झडप हा आजाराचा बळी होता, आजार दुसरीकडे. नवी झडप बसवून तीन आठवडे झाले नाहीत तोच काटा पुन्हा खाली.

दरम्यान आईने आपल्या सवयीने वही घातली होती. तिला इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. दूधवाल्याचा हिशेब लिहावा तशी तारीख, सकाळ, रात्र, असे तीन रकाने. तिसऱ्या खेपेला जो वयस्क कारागीर आला, त्याने आत येताच बॉयलरला हात न लावता ती वही पाहिली. मग झाकण उघडून प्रसरण-पात्राच्या तोंडाची पिन दाबली. तेथून हवा आली नाही, पाणीही आले नाही. पाणी आले असते तर पडदा फाटला असे ठरले असते आणि पात्रच बदलावे लागले असते. काहीच आले नाही, म्हणजे पडदा शाबूत, फक्त हवा संपलेली. त्याने मंडलातला दाब शून्यावर आणला, साध्या पायपंपाने पात्रात जवळजवळ १ बार हवा भरली आणि मग पाणी भरून काटा १.२ वर आणला. त्या रात्री वहीत १.६ लागले. दाब शून्यावर आणण्याची पायरी महत्त्वाची आहे. पाण्याचा दाब मागून रेटत असताना हवा भरली तर तबकडीवरचा आकडा फसवा येतो.

या प्रकरणातून एक गोष्ट हाती लागते, ती मुद्दाम नोंदवून ठेवतो. काटा धाडकन पडला म्हणजे मोठी गळती आहे, असे नव्हे. उशी शाबूत असलेल्या यंत्रातून लिटर-दोन लिटर पाणी गेल्याशिवाय काटा फारसा पडत नाही, कारण हवा पडद्याला लोटून ती तूट भरून काढते. उशी गेलेल्या यंत्रात कपभर पाणी गेले तरी काटा तळाला जातो. म्हणून फरशी उखडण्याच्या गोष्टी कोणी बोलू लागला, तर आधी पात्र तपासले का, एवढे विचारावे.

बाहेरच्या नळीची परीक्षा घरच्या घरी होते. सुरक्षा-झडपेची तांब्याची नळी बॉयलरच्या मागील भिंतीतून बाहेर येऊन बहुधा भिंतीकडेच वाकवलेली असते. तिच्या तोंडाला रात्री एक प्लास्टिकची पिशवी सैल बांधावी आणि सकाळी पाहावे. पिशवीत पाणी असेल तर पाणी त्या वाटेने जात आहे. पिशवी सैलच हवी, आणि नळीचे तोंड कधीही बुजवू नये; तिच्यातून उकळते पाणी येऊ शकते, आणि तिची वाट अडली तर स्फोटापासून रक्षण करणारी शेवटची सोयच अडली. सकाळी पिशवी काढून टाकावी.

स्विंडन हे गाव, जाता जाता सांगतो, एके काळी बॉयलरांचेच होते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तेथे १८४३ साली सुरू झाला, आणि ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, ‘ईव्हनिंग स्टार’, १९६० साली तेथूनच बाहेर पडले. कारखाना १९८६ साली बंद झाला. ज्या गावच्या कामगारांनी शेकडो पौंडांच्या दाबाची वाफ हाताळली, त्या गावात आज आपले लोक दीड बार पाण्याच्या काट्याने हैराण व्हावेत, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. असो.

वहीत संथ उतार दिसत असेल तर गळती शोधावी लागते. ती यंत्र थंड असताना शोधावी. तापलेल्या रेडिएटरवरचा थेंब जागच्या जागी वाळतो आणि काही दिसत नाही. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांना नळी जेथे जोडलेली असते तेथे, आणि तोटीच्या दांड्याच्या बुडाशी, कोरडा पातळ कागद फिरवावा. कागद ओला झाला तर जागा सापडली. न झाला तरी खुणा पाहाव्यात: तांब्यापितळेवर हिरवट पांढरी पूड, पोलादावर तपकिरी ओघळ, गालिच्यावर डाग. बहुतेक गळत्या या सांध्यांवर असतात, आणि पुष्कळदा नट पाव फेरा आवळला की थांबतात. मात्र पाना घेऊन जोर करण्यापूर्वी घरातल्या जाणत्या माणसाला विचारावे. जुना सांधा जास्त आवळला तर थेंबाची धार होते.

सांधे कोरडे असतील तर एक सुंदर परीक्षा आहे. सायकलच्या ट्यूबचा बारीक पंक्चर सापडत नसला की दुकानदार तिचा थोडा थोडा भाग पाण्यात बुडवतो, हे आपण पाहिले आहे. बुडवलेल्या भागातून बुडबुडे न आले तर तो भाग निर्दोष. बॉयलरच्या बुडाशी दोन जाड नळ्या असतात, एकीने गरम पाणी घरात जाते, दुसरीने निवलेले परत येते. दोहींवर बंद करण्याची सोय असते. रात्री बॉयलर पूर्ण बंद करावा, तो निवू द्यावा, काटा लिहून घ्यावा आणि या दोन्ही तोट्या मिटाव्यात. म्हणजे घरातल्या नळ्या एकीकडे आणि बॉयलर एकीकडे झाला. सकाळी काटा जागेवरच असेल आणि तोट्या उघडताच खाली आला, तर गळती घरातल्या नळ्यांत. तोट्या मिटलेल्या असूनही काटा रात्रीत उतरला, तर दोष बॉयलरच्या पोटात. तोट्या मिटलेल्या असताना बॉयलर चालू करावयाचा नाही, हे विसरू नये. आणि तोट्या ताठरलेल्या असतील तर हे काम कारागिरावर सोपवावे. कडाक्याच्या थंडीत लहान मूल घरात असता ही परीक्षा टाळलेलीच बरी, थोडा उबारा पडला की करावी.

गळती नळ्यांत ठरली आणि दिसत मात्र नसली, तर ती फरशीखाली असते. लाकडी जमिनीत ठोकलेला एखादा खिळा नळीला लागलेला असतो, किंवा काँक्रीटमध्ये उघडी पुरलेली तांब्याची नळी खाल्ली गेलेली असते. जमिनीचा एखादाच तुकडा उगाच ऊबदार लागणे, कोपऱ्यात बुरशी चढणे, घरातले मांजर रोज एकाच फरशीवर जाऊन झोपणे, या खुणा क्षुल्लक समजू नयेत. उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन येणारे लोक तिकडे मिळतात. फरशी फोडण्यापूर्वी त्यांना बोलावणे स्वस्त पडते.

दोष बॉयलरच्या पोटात ठरला आणि बाहेरच्या पिशवीत पाणी नसले, तर एक गुप्त वाट उरते. इंग्लंडात २००५ सालापासून घरी बसवावयाचे नवे गॅस बॉयलर बहुतेक सर्व अशा जातीचे असतात की ते धुराची उष्णताही वसूल करतात, आणि धूर निवताना त्यातून पाणी गळते. ते पाणी प्लास्टिकच्या एका नळीने मोरीत सोडलेले असते. ज्योतीची ऊब पाण्यात उतरवणारा बॉयलरचा गाभा, ज्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात, तो चिरला तर मंडलातले पाणी त्याच नळीतून चुपचाप निघून जाते. जमीन कोरडी, भिंत कोरडी, पिशवी कोरडी, आणि काटा मात्र खाली. बॉयलर तासन् तास बंद असूनही त्या नळीतून थेंब पडत राहिले तर हा संशय घ्यावा. ही दुरुस्ती महाग असते, आणि जुन्या बॉयलरच्या बाबतीत ती करावी की नवा घ्यावा, याचा हिशेब त्या वेळी बसून करावा लागतो. गळती बुजवणारे द्रव पदार्थ बाजारात मिळतात. ते पाण्यात ओतले की छिद्र आपोआप भरते, असे सांगतात. फरशीखालच्या अगदी बारीक गळतीवर ते कधी कधी चालतात. परंतु प्रसरण-पात्र किंवा झडप बिघडलेली असता ते ओतणे निरर्थक आहे, आणि माझ्या मते कारण कळण्यापूर्वी काहीही ओतू नये.

येथवर मी जे सांगितले ते पाहणे, लिहिणे आणि तोटी फिरवणे एवढेच आहे. बॉयलरचे झाकण घरच्या माणसाने काढू नये. पुष्कळ बॉयलरांत ते झाकणच ज्वलनाची कोठी हवाबंद ठेवते, आणि ते नीट न बसल्यास कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस ती सर्दी समजतो. ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणारा कारागीर गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेला असला पाहिजे. २००९ सालापासून तेथे हीच अधिकृत नोंदवही आहे. त्याच्याजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र असते आणि कोणत्या कामाची परवानगी आहे ते त्याच्या मागील बाजूस लिहिलेले असते. ते मागून पाहण्यात कोणाचाही अपमान नाही, चांगला कारागीर स्वतःच पुढे करतो. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडाव्यात, विजेची बटणे दाबू नयेत, मुलाला घेऊन बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर कळवावे.

आता आपल्या लोकांचा स्वभाव. भाड्याच्या घरात राहणारी आपली बहुतेक मंडळी घरमालकाला दुरुस्ती सांगावयास कचरतात. परका देश, घर मोठ्या मुश्किलीने मिळालेले, तक्रार केली तर काढून टाकतील, ही भीती. त्यापायी दाजींसारखी माणसे महिनोन्महिने पहाटे उठून पाणी भरतात. वस्तुतः इंग्लंडमध्ये १९८५ सालच्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या अकराव्या कलमाप्रमाणे, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात घर गरम ठेवण्याची व पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम आहे. करारात काही लिहिलेले असो वा नसो. १९९८ सालच्या गॅस सुरक्षा नियमांनुसार मालकाने पुरवलेल्या गॅसच्या यंत्रांची वर्षातून एकदा तपासणी करून घेणे आणि तिचा दाखला भाडेकरूला देणे त्याला बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटाही मालकानेच बसवावयाची आहे. तेव्हा मागणे हे उपकार मागणे नव्हे. फक्त तोंडी सांगू नये, लेखी कळवावे, आणि सोबत वहीतल्या नोंदींची नक्कल जोडावी. ‘हीटिंग बरोबर चालत नाही’ या वाक्यावर पाणी भरणारा माणूस येतो. ‘थंड असताना १.२, तापल्यावर २.९, सकाळी ०.४, बाहेरची नळी ठिबकते’ असे लिहिले तर पात्र तपासणारा माणूस यावा लागतो.

कारागीर येईपर्यंत मूल गारठू नये म्हणून एकदा पाणी भरावे लागलेच, तर ते कसे, तेवढे सांगून थांबतो. बॉयलर बंद करून निवू द्यावा. बॉयलरखाली जाळीदार आवरणाची एक लवचीक नळी असते, तिच्या दोन टोकांना दोन छोट्या तोट्या असतात. काही बॉयलरांत तिच्याऐवजी एखादी किल्ली किंवा खटका असतो. तेथे यंत्राची पुस्तिका पाहावी. आधी एक तोटी पूर्ण उघडावी, मग दुसरी अगदी सावकाश. पाणी शिरल्याचा आवाज येईल. नजर काट्यावर ठेवावी आणि तो १.२ च्या आसपास आला की दोन्ही तोट्या घट्ट मिटाव्यात. घाईत १.५ च्या पुढे गेला तर घाबरण्याचे कारण नाही, एखाद्या रेडिएटरची किल्ली फिरवून वाटीभर पाणी काढले की उतरतो. ती जोडनळी काम झाल्यावर काढून ठेवावी, तसा तेथील पाणीपुरवठ्याचा नियमही आहे. कारण एखादी तोटी नीट मिटलेली नसली तर नळाचे पाणी रात्रभर आत झिरपत राहते, काटा आपोआप वर चढतो, झडप उघडते, आणि वहीतल्या सगळ्या नोंदी चुकीची गोष्ट सांगू लागतात. बॉयलर पुन्हा चालू केल्यावर तारीख, वेळ आणि काटा किती होता, हे वहीत लिहून ठेवावे.